मुका कौल

रत्नागिरी,
बुधवार, ७ मे १९८६

प्रभा,

पोचलो. हातखंब्याच्या तिठ्यावर तू संगमेश्वरच्या गाडीत चढलीस आणि मागे वळून बघितलं नाहीस. गर्दी होती, हातात पिशव्या होत्या, त्यामुळे वळणं जमलं नसेल. मी मात्र तुझी गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो आणि त्या नादात माझी रत्नागिरीची गाडी चुकली. पुढची मिळाली. असो.

यमुनाबाईंच्या बागेत दोन दिवस छान गेले हे तुलाही मान्य करावं लागेल. फाटकावरची ती पाटी आठवून मला अजून हसू येतं. 'श्रीदेव झरेश्वर बाग विश्रामधाम. राहण्याची व कौलाची उत्तम सोय.' खाली बारीक अक्षरात, 'देवळात चपला व बागेत ट्रान्झिस्टर आणू नये.' एकीकडे मुंबईची मंडळी अर्ध्या चड्ड्यांत कलमांखाली झोके घेतायत, दुसरीकडे नवसाची माणसं ओल्या अंगाने झरीवरून येतायत, आणि जेवायला सगळे एकाच पंगतीत. त्या पंगतीचा नियम मला फार आवडला. कुणाला काय कौल लागला ते तिथे कुणी कुणाला विचारायचं नाही. वाढणारी बाईसुद्धा वाढता वाढता तोंडाकडे बघत नव्हती.

आता तुझ्या मनात जे चाललं असेल त्याबद्दल. वाटेत बोलणं अर्धवट राहिलं म्हणून पुन्हा नीट लिहितो. तिथे मुका कौल मागायची रीत आहे हे तुझ्यासमोरच केरू गुरवाने सांगितलं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेल्या कळ्या चिकटवायच्या, घरधन्याने प्रश्न मनात धरायचा, बायकोने त्याचा हात धरायचा. इतक्या परक्या लोकांत आपल्या घरची गोष्ट मोठ्याने कशाला, म्हणून मी मुका मागितला. आणि मनात धरताना मी असं धरलं की उजवी कळी पडली तर गंगीने आजीजवळच राहावं आणि डावी पडली तर आपण त्या पोरीला आपल्या घरी आणावं. उजवी पडली. सगळे उजव्याला 'हो' धरतात, म्हणून तुला वाटलं की झालंच काम. तुझे डोळे भरून आले, तू माझा हात इतका घट्ट दाबलास की अंगठी रुतली. पायऱ्या उतरेपर्यंत मला खुलासा करता आला नाही, याचं मला वाईट वाटतं.

तू भांडली नाहीस. 'देवाचं ते देवाचं,' एवढंच म्हणालीस आणि स्वतःच जाऊन आईला सांगते म्हणालीस. हा तुझा मोठेपणा आहे.

आईंचे पाय कसे आहेत? गंगीला माझा आशीर्वाद सांग.

राजाराम

*

रत्नागिरी,
गुरुवार, १५ मे

प्रभा,

तुझं पत्र मिळालं. मला वाटलं होतं तू चार खडे बोल सुनावशील. त्याऐवजी डाळीच्या डब्यात कडुलिंबाची पानं टाका, दूध उतू घालवू नका आणि बाहेर चपात्या खाऊ नका, एवढंच. शेवटी लिहिलंस, 'तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमच्या हातात काय होतं?'

हे वाक्य तू लिहायला नको होतंस.

काल मिरकरवाड्यावरून बांगडे आणले. तू असतीस तर म्हणाली असतीस की डोळे बघून घ्यायचे असतात, माझे नव्हे, बांगड्याचे. ते तव्याला चिकटले आणि शेवटी खरवडून खाल्ले. घरात इतकी शांतता आहे की घास चावल्याचा आवाज ऐकू येतो. आणि हीच शांतता मला हवी होती, ही त्यातली मजा.

एक कबूल करतो. गंगीला आणायला मी पहिल्यापासून फारसा उत्सुक नव्हतो. तुला ते कळलं होतं की नाही ते ठाऊक नाही. चिमा गेली, तिच्या नवऱ्याने मुंबईत दुसरा संसार मांडला आणि पोर आजीच्या गळ्यात आली, हे सगळं मला समजतं. तुझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी, आपल्याला मूल नाही, आईंना आता दिसत नाही. कुणीही शहाणा माणूस म्हणेल, आणा. मीही 'बघू' म्हणत होतो. 'नाही' कधी म्हणालो नाही. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत बघूच म्हणत राहिलो आणि शेवटी मीच सुचवलं की देवाला विचारू.

दिवाळीत ती आपल्याकडे आठवडाभर होती. पहिल्याच दिवशी ती माझ्या पाटावर येऊन बसली. तू म्हणालीस, 'अहो, तुम्ही जरा तिकडे सरका.' मी सरकलो. मग माझा चहा गार झाला, कारण तिच्या वेण्या चालल्या होत्या. कचेरीतून आलो तर दार उघडायला तू नाहीस. मागच्या अंगणात दोघी काजूच्या पानांची भांडीकुंडी मांडून बसलेल्या. तू हसत होतीस. मी पायरीवर उभा राहून बघत होतो आणि मला आत बोलवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. हसू नकोस. चाळीस ओलांडलेला बाप्या चार वर्षांच्या पोरीवर रुसतो, हे लिहायला मला काही बरं वाटत नाही.

आणि आणखी एक. मनात मी नक्की कसं धरलं होतं, उजव्याला काय आणि डाव्याला काय, याबद्दल माझाच आता थोडा गोंधळ होतो आहे. गाभाऱ्यात धूर फार होता. माणूस विसरतो. पण बहुतेक मी सांगितलं तसंच असेल.

राजाराम

*

रत्नागिरी,
शनिवार, २४ मे

प्रभा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोल्हापूरची काशी आणि तिचे यजमान १ तारखेला, रविवारी येऊन गंगीला घेऊन जाणार, आणि हे तूच जुळवलंस. स्वतः पत्र घालून काशीला विचारलंस, स्वतः आईंची समजूत काढलीस. काशी तुझी मामेबहीण, माणसं चांगली, तिलाही मूल नाही. नाव ठेवायला जागा नाही. गंगीसाठी दोन झगे शिवतेयस, त्यांचं कापड मी मागे आणलेलं, तुझ्या पोलक्यांसाठी. 'देवाने आपल्या घरी नको म्हटलं, म्हणजे दुसऱ्या घरी पोचवायचं काम माझ्याकडे दिलं असणार,' असं लिहिलंस.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पत्र खिशात घेऊन कचेरीत गेलो आणि दिवसभर एका कागदावर दुसऱ्याच कागदाचा शिक्का मारत बसलो. रावसाहेब म्हणाले, 'मंडळी माहेरी गेली की असंच होतं.' सगळे हसले. मीही हसलो.

परवा रजा टाकून मी पुन्हा यमुनाबाईंच्या बागेत गेलो होतो. तुला न कळवता. म्हटलं, एकदा पुन्हा विचारू, आणि या वेळी मोठ्याने विचारू. म्हणजे आपण दोघंही मोकळे.

यमुनाबाई ओसरीवर आंबे निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. 'येवा, येवा! येकलेच आलाव? मंडळी खंयशी?' मी म्हटलं, माहेरी आहे. तर म्हणाल्या, 'हाव, पोरीला आणायला गेली आसंल, आल्या दिशीच बोलली व्हती माज्यापाशी. उजवा पडला तवा तुमची मंडळी कशी रडली वो! मी देवळाम्होरच वाढत व्हते, माज्या हातातली पळी तशीच रायली. पंगतीत इचारत न्हाय आमी, पन दिसतां ना माणसाला.'

मी विषय बदलून म्हटलं की मला पुन्हा कौल घ्यायचा आहे, त्याच गोष्टीचा.

त्यांनी हातातला आंबा खाली ठेवला. 'मागचा पटला न्हाय काय?'

'तसं नाही. खात्री करून घ्यावी म्हटलं.'

'एकदा दिला तो दिला. देवाचा कौल म्हंजे काय च्या हाय, गोड झाला न्हाय म्हणून दुसरा मागवायचा? केरूला इचारा हवं तर, तो तर कळ्यांना हातच लावायचा न्हाय.' आणि मग एकदम मऊ होऊन म्हणाल्या, 'भ्या वाटतां काय? पयल्यांदा समद्यांनाच वाटतां. कंदी आणताव पोरीला?'

मी म्हटलं, 'लवकरच.'

बघ, हेही मी म्हणालो. त्यांनी लगेच आतून कापा फणसाचे गरे आणले, केळीच्या पानात बांधले. 'ह्ये पोरीला. म्हणावं, बागेतल्या आजीनं दिलेत.' झरीपाशी मुंबईचं कुणी कुटुंब फोटो काढत होतं, त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. मी देवळाकडे न बघता निघालो. पाली गावाच्या पुढे मला भूक लागली आणि गंगीच्या नावाने दिलेले ते गरे मी एस.टी.त बसून खाल्ले. एकही शिल्लक ठेवला नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला दिले असते तरी चाललं असतं, तेही सुचलं नाही.

तू काशीला जरा थांबायला सांग. कारण विचारू नकोस. पाऊस तोंडावर आला आहे, घाटात दरडी कोसळतात, लहान पोराला घेऊन कुठे जातील? श्रावणात बघता येईल.

राजाराम

*

रत्नागिरी,
शुक्रवार, ३० मे

प्रभा,

तुझं उत्तर आलं. 'देवानेच नाही म्हटल्यावर थांबायचं कशाला? थांबले तर तिला सोडवणार नाही माझ्याच्याने.' बरोबर आहे. आज शुक्रवार आणि ती रविवारी जाणार. हे पत्र टपालाने पोचायचं नाही, म्हणून उद्या मीच घेऊन येतो आहे. माझ्याने तोंडाने सांगवणार नाही, ते मला माहीत आहे. दारात आलो की तुझ्या हातात देईन. तू वाचेपर्यंत मला काही विचारू नकोस.

प्रभा, मी खोटं बोललो.

मी मनात सरळ धरलं होतं. जगात सगळे धरतात तसंच. उजवी पडली तर गंगीला आपल्या घरी आणायची, डावी पडली तर नाही. उजवी पडली. केरूने पाणी शिंपडून हात जोडले न जोडले तोच पडली, जराही वेळ लावला नाही. देवाने स्वच्छ सांगितलं, तुझ्यासमोर सांगितलं, आणि पायऱ्या उतरता उतरता मी ते उलटं केलं. धूरबिर काही नव्हता.

मुका कौल मागितला तेव्हा मनात पाप नव्हतं, असं लिहिणार होतो. होतं. मुंबईची माणसं होती, लाज वाटत होती, हे सगळं खरं. पण मोठ्याने विचारलं की मग पळवाट राहत नाही, हेही मला आतून माहीत होतं. मनातलं काय ते मी जाणे आणि देव जाणे, आणि देव काही तुला येऊन सांगणार नव्हता. एवढा हिशेबी माणूस मी कचेरीतसुद्धा नाही.

डावी पडली असती तर? तर मी पायऱ्यांवर मान हलवून 'देवाची इच्छा' म्हटलं असतं आणि तुला धीर दिला असता, आणि आयुष्यभर स्वतःला भला माणूस समजत राहिलो असतो. देवाने तेवढीही सोय ठेवली नाही.

मला भीती वाटली. ती आली की तू तिची होशील. आत्तापर्यंत घरात लाडाचं असं एकच होतं, ते मी. मूल नाही म्हणून लोक तुलाच बोलत आले. हळदीकुंकवाला तुझ्यापुढून करंडा पुढे गेलेला मी ऐकला आहे, तू कधी सांगितलं नाहीस तरी. त्यातलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. माझ्या वाट्याला तू आलीस, सबंध. आणि त्यातलं थोडं एका आई नसलेल्या पोरीला द्यायला माझा हात आखडला.

मला वाटलं होतं तू माझ्यावर संशय घेशील, चिडशील, आणि त्या चिडण्यात माझंही पाप थोडं धुतलं जाईल. तू विश्वास ठेवलास. नुसता ठेवला नाहीस, माझं खोटं देवाचं म्हणून डोक्यावर घेतलंस आणि त्यापायी स्वतःच्या हाताने पोरीची पाठवणी करायला बसलीस. झगे शिवलेस. मी इकडे बांगडे खात होतो.

काशीला काय सांगायचं ते सांग. माझं नाव घेऊन सांग.

राजाराम

*

रत्नागिरी,
शुक्रवार, ६ जून

प्रभा,

पाच दिवस झाले. तुझं पत्र येणार नाही हे माहीत आहे, तरी पोस्टमन दिसला की उठतो.

तू ते पत्र दारातच, उभ्याने वाचलंस. मी पायरीवर होतो. आत आई 'कोण आलंय गो?' म्हणून विचारत राहिल्या आणि तू वाचत राहिलीस. वाचून झाल्यावर घडी घातलीस, ब्लाउजमध्ये ठेवलीस आणि मला म्हणालीस, 'हातपाय धुवा. जेवून घ्या.' तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

रविवारी काशी आली. तिने छोट्या बांगड्या आणल्या होत्या, हिरव्या, मापाचा अंदाज करून. त्या तिने गंगीच्या हातात घालूनही बघितल्या होत्या, तेवढ्यात तू काशीला आतल्या खोलीत घेऊन गेलीस. बाहेर तिचे यजमान मला विचारत होते की रत्नागिरीत यंदा आंबा कसा आहे. मी त्यांना आंब्याबद्दल सांगत होतो. आतून काशीचं रडणं ऐकू आलं आणि ते बोलायचे थांबले. मग तू बाहेर आलीस आणि त्यांच्यासमोर, आईंच्या समोर म्हणालीस, 'यांना देवाने हो म्हटलं होतं. यांनी आम्हांला नाही म्हणून सांगितलं.' एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाहीस. काशीच्या यजमानांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडे नेली, जणू उघडं पडल्याची लाज त्यांनाच वाटली.

काशी जाताना बांगड्या तशाच गंगीच्या हातात ठेवून गेली. मी तिची माफी मागायला पुढे झालो, तर म्हणाली, 'नको भावजी. काही बोलू नका.' एका खोट्याने मी किती घरांत शिरलो बघ. तिने कोल्हापुरात पाळणा बांधायची कडी लावून घेतली होती म्हणे. चार वर्षांच्या मुलीला पाळणा कशाला, पण हौस.

मला वाटलं, आता तुम्ही दोघी माझ्याबरोबर याल. संध्याकाळच्या गाडीचं मी विचारलंही. तेव्हा तू चुलीपुढून उठलीस आणि जे बोललीस ते मी इथे पुन्हा लिहितो, म्हणजे मी नीट ऐकलं की नाही ते तुला कळेल. तू म्हणालीस, 'गंगी आता माझी. मी तिच्याजवळ इथे राहणार. देवाने हो म्हटलं म्हणून मी तिला तुमच्या घरी आणणार नाही. देव रोज सकाळी तिला दूध द्यायला येणार नाही. ज्या घरात तिला बघून एकाचं कपाळ आठ्यांनी भरतं, तिथे तिने का म्हणून वाढावं?'

मी म्हटलं, माझं चुकलं, मला माफ कर. तू म्हणालीस, 'मला काय सांगताय? तिला सांगा.'

ती तेव्हा अंगणात बांगड्या वाजवून बघत होती. मी गेलो तिच्यापुढे आणि उभा राहिलो. तिने विचारलं, 'काका, तुम्ही मला सरकवायला आलात काय?' तिला वाटलं, मला तिच्या जागेवर बसायचं आहे. मी परत फिरलो आणि गाडी पकडली. पळालोच म्हण.

सोबत एक चिठ्ठी आहे. ती तुझ्यासाठी नाही. तिला अजून वाचता येत नाही, म्हणून तू वाचून दाखव. एकही शब्द गाळू नकोस, आणि माझ्या बाजूने एकही घालू नकोस.

राजाराम

*

चि. गंगीस,

मी काका. रत्नागिरीचा. दिवाळीत तू ज्याच्या पाटावर बसली होतीस तो.

त्या दिवशी अंगणात मला तुला एक सांगायचं होतं आणि मी न सांगता पळालो. मोठी माणसंही पळतात. ते आता सांगतो.

एका बागेत एक देव आहे. तुझी मावशी आणि मी त्याच्याकडे गेलो होतो. आम्ही विचारलं की गंगीने आमच्या घरी राहायला यावं का. देव म्हणाला, यावं. लगेच म्हणाला. ते मावशीला कळलं असतं तर ती धावत तुला न्यायला आली असती. पण मी तिला सांगितलं की देव नको म्हणाला. ते खोटं होतं. देव नको म्हणाला नाही, मी नको म्हणालो. तू वाईट आहेस म्हणून नाही. तू काहीच केलं नाहीस. मावशी तुझ्याकडे बघून हसते तसं माझ्याकडे बघून हसत नाही, म्हणून मला राग आला. लहान मुलं खेळणं देत नाहीत ना, तसा.

बागेतल्या एका आजीने तुला फणसाचे गरे दिले होते. ते मी खाल्ले. तेही सांगून टाकतो.

कोल्हापूरच्या काशीमावशीला माझ्यामुळे रडू आलं. ती पुन्हा आली की तिच्या मांडीवर जाऊन बस.

आता देव काय म्हणाला ते राहू दे. मी म्हणतो, ये. आमच्या घरी राहायला ये. पाटावर तू बस, मी चटईवर बसेन. मावशी दिवसभर तुझ्याकडे बघेल आणि मला कधीकधी राग येईल. तो मी तुझ्यावर काढणार नाही. आला तर तुला सांगेन की आला आहे.

पण तुला यायचं नसेल तर नको येऊस. मला भीती वाटते असं म्हण, नाहीतर काका आवडत नाही म्हण, काहीही म्हण. कुणी तुला रागावणार नाही. जे काय असेल ते मावशीच्या कानात सांग. ती मला पत्रातून कळवील. हो कळवलं तरी आणि नाही कळवलं तरी, ती जे लिहील ते मी खरं मानीन. मी सांगितलेलं तिने मानलं होतं, तसंच.

तुझा काका,
राजाराम